तीन वेगांचे शिवार : मंगरूळपीरच्या परिसरात सायकल, बंडी आणि जीप

वय वाढत जाते तसे माणसाचे शिवार लहान होत जाते. तरुणपणी जो माणूस पहाटे उठून चार गावे पालथी घालून येत असे, त्याचे जग आधी स्वतःच्या वावरापुरते उरते, मग गावच्या चौकापुरते, मग ओसरीपुरते आणि अखेर खाटेपुरते. हे आक्रसणे कोणी दुष्टाव्याने घडवून आणत नाही. बहुधा ते मायेपोटीच घडते. ‘पडाल’, ‘दम लागेल’, ‘आता या वयात कशाला’ असे म्हणत घरची माणसे एकेक वाट बंद करतात आणि ज्येष्ठही, कोणाला त्रास नको म्हणून, ते निमूटपणे मान्य करतात.

वैद्यकशास्त्र मात्र या मायेच्या पूर्णपणे बाजूने नाही. पडण्याच्या भीतीने हालचाल थांबली की पायांचे स्नायू सुकतात, तोल बिघडतो आणि ज्या पडण्याची भीती होती तेच अधिक जवळ येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांपुढील व्यक्तींनीही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत. ज्यांना तितके झेपत नाही, त्यांनी झेपेल तितके करावे. थोडे काही नसण्यापेक्षा बरेच.

म्हणून प्रश्न जावे की न जावे असा नसून, कशावर बसून जावे असा आहे. ठिकाण तेच ठेवून वाहन बदलता येते, आणि वाहन बदलले की तेच शिवार वेगळे दिसू लागते. या लेखात मंगरूळपीरच्या परिसरातील असे तीन प्रवास आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दूरच्या देशाची वाट, जवळचे रान

दक्षिण अमेरिकेत निसर्ग पाहण्याची एक रीत रूढ झाली आहे. पेरू देशात पर्यटक सायकलीवरून मारासची डोंगरउतारावरील मिठागरे आणि मोरायची वर्तुळाकार पायऱ्यांची प्राचीन शेती पाहतात. अर्जेंटिनाच्या पंपास नावाच्या अफाट गवताळ मैदानात गाउचो, म्हणजे तेथील घोडेस्वार गुराखी, यांच्यासवे घोड्यावरून फिरतात. बोलिव्हियातील उयुनीचे मिठाचे पठार दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे. तेथे जीपशिवाय निभाव लागत नाही. सायकल, घोडा आणि जीप या तीन वाहनांनी तीन तऱ्हेचा मुलूख उलगडतो. पण उयुनी समुद्रसपाटीपासून सुमारे 3,650 मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत तरुणांचेही डोके दुखते, तर हृदयाचा वा फुफ्फुसाचा विकार असलेल्या ज्येष्ठांची काय कथा!

तो मुलूख आपल्याला वाटतो तितका परका मात्र नाही. आपल्या चटणीतला शेंगदाणा आणि भाजीतला बटाटा मूळचे दक्षिण अमेरिकेचे. रानोमाळ वाढणारे सीताफळ आणि ठेच्यातली मिरची हीदेखील अमेरिका खंडातूनच आलेली. परसातल्या ‘पेरू’ या फळाचे आपले नावही त्या देशावरून पडले असे मानले जाते. वाशीम जिल्ह्याच्या शिवारात खरिपात दूरवर पसरणारे सोयाबीन आज ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या मैदानांवरही तसेच पसरलेले असते. तेव्हा तिथली रीत इकडे आणण्यास हरकत नाही. केवळ घोड्याच्या जागी इकडचे जनावर घ्यावे लागेल.

गावाची ओळख

वाशीमहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंगरूळपीर लागते. वऱ्हाडात मंगरूळ नावाची गावे एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ दस्तगीर हे त्यांपैकीच एक. या गावाच्या नावातील ‘पीर’ आला तो हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे. याच गावात श्री बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आहे. दोन्ही स्थानांवर सर्व जातिधर्मांची माणसे माथा टेकतात आणि गावची वडीलधारी मंडळी दोहोंच्या यात्रांची आठवण एकाच दमात सांगतात.

इंग्रजी अमदानीत मंगरूळ हा बासिम जिल्ह्याचा तालुका होता. 1905 साली तो जिल्हा मोडून अकोल्यात मिळवला गेला आणि पुढे 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा पुन्हा स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. आपल्या घरातील ऐंशीच्या घरातल्या व्यक्तीने एकाच गावात राहून आयुष्यात जिल्हा बदललेला पाहिला आहे, हे ध्यानात घेतले तर त्यांच्याजवळ सांगण्यासारखे किती असेल याची कल्पना यावी.

येथे येण्यासाठी स्वतःचे वाहन असलेच पाहिजे असे नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे, 65 ते 75 वयोगटाला अर्धे भाडे आहे, आणि 2023 पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ असू द्यावे.

ऋतूची निवड मात्र काटेकोर हवी. चैत्र-वैशाखात वऱ्हाडचे ऊन ज्येष्ठांनी अंगावर घेऊ नये. पावसाळ्यात येथील काळी माती चाकाला आणि पायताणाला सारखीच धरून ठेवते. दिवाळी सरल्यापासून माघ संपेपर्यंतचा काळ उत्तम. त्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी आटोपलेली असते, पऱ्हाटीवर कापूस फुललेला असतो, तुरीला आधी पिवळा बहर आणि मग शेंगा येतात, आणि पौषात हरभऱ्याचे घाटे भरू लागतात. माघाच्या अखेरीस पळस पेटू लागला की समजावे, आता फिरण्याचे दिवस थोडे उरले.

पहिला वेग : सायकल

ज्यांचा तोल शाबूत आहे आणि ज्यांनी पूर्वी सायकल चालवलेली आहे, त्यांनी सायकलपासून आरंभ करावा. वऱ्हाडच्या कित्येक शिक्षकांनी, पोस्टमननी आणि दूध घालणाऱ्यांनी आपली अर्धी हयात सायकलीवर काढली. त्यांच्या पायांना ही चाल अजून ठाऊक असते. चालताना गुडघ्यावर शरीराचा सारा भार पडतो, तर सायकलीवर तो बराचसा बैठकीवर राहतो. म्हणून गुडघ्याची झीज असलेल्या पुष्कळांना चालण्यापेक्षा सायकल सुसह्य होते.

बैठकीची उंची नीट लावणे महत्त्वाचे. पायटा सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, पण किंचित वाकलेला राहावा. बैठक फार खाली असली की गुडघा अधिक दुमडतो आणि दुखणे वाढते. मधला दांडा खाली असलेली, म्हणजे पाय फारसा उचलावा न लागणारी सायकल निवडावी. लुगडे किंवा धोतर नेसणाऱ्यांनाही तीच सोयीची. तोलाची शंका असेल तर तीनचाकी सायकल घ्यावी. तिच्यात कमीपणा काही नाही. शिरस्त्राण घालण्यात लाज वाटू देऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विशेषच. अशा व्यक्तीच्या डोक्याला मार लागला तर वरून जखम दिसत नसली तरी तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

श्रम किती करावेत याची एक सोपी कसोटी आहे. सायकल चालवताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. इतका वेग मध्यम समजावा. बोलतानाही शब्द तुटू लागले तर उतरावे. छातीवर दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘जरा बसलो की बरे वाटेल’ असे म्हणत थांबू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कुठे जावे? मोठ्या रस्त्यावर नव्हे. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तो धोक्याचा आहे. सकाळी सातनंतर, दव ओसरू लागले की गावाबाहेरची एखादी पक्की पांदण धरावी. दोन्ही बाजूंना बाभळी आणि बोरी, मधून एखादा निंब, धुऱ्यावर तुरीचे तास. सायकलीच्या वेगाने वास कळतात, आणि ही सायकलीची खरी देणगी. ओल्या मातीचा, कापूस वेचलेल्या पऱ्हाटीचा, कुठेतरी भाजत असलेल्या हुळ्याचा वास येतो आणि आपण थांबतो. सायकलीइतके सहज थांबणारे वाहन दुसरे नाही. मात्र कुठे पिकावर फवारणी चालू असेल किंवा मळणीची धूळ उडत असेल, तर दम्याचा त्रास असलेल्यांनी ती वाट टाळावी.

जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर पुष्कळ झाले. परतीला वारा समोरून असू शकतो, हे जातानाच ध्यानात ठेवावे.

दुसरा वेग : घोडा नव्हे, बंडी

आता घोड्याचा विचार करू. महाराष्ट्राला घोडा अपरिचित नाही. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा यांना दूरदूरचे घोडे येतात. माथेरानला मोटारींना मज्जाव असल्यामुळे आजही घोडे माणसे वाहतात. घोड्याच्या चालीने स्वाराच्या कमरेला जी हालचाल मिळते ती माणसाच्या चालण्याशी मिळतीजुळती असते, म्हणून काही देशांत प्रशिक्षित उपचारकांच्या देखरेखीखाली घोडेस्वारीचा उपयोग तोल आणि स्नायूंच्या उपचारात केला जातो.

तरीही ज्येष्ठांनी सहलीच्या उत्साहात घोड्यावर चढू नये असेच आम्ही सांगू. हाडे ठिसूळ झाली असतील, खुबा वा गुडघा बदललेला असेल, मणक्याचे दुखणे असेल, तर घोड्यावरून पडणे म्हणजे माणसाच्या उंचीवरून पडणे होय. नातवंडांनी हवे तर घोड्यावर बसावे; आजोबांनी लगाम दुरून पाहावा.

आपल्या मुलखात घोड्याची जागा बैलाने घेतली, आणि ती ज्येष्ठांच्या दृष्टीने बरीच झाली. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. लग्नकार्याला जाणारी टप घातलेली दमणी आता क्वचितच दिसते, पण शेतीच्या कामाची बंडी अजून रस्त्यावर आहे. पुष्कळ बंड्यांना लाकडी चाक आणि लोखंडी धाव यांच्याऐवजी रबरी टायर आले आहेत. दृष्टीला ते रुचत नसले तरी मणक्याला ते फार मानवतात. आपल्याला निवड असेल तर टायरची बंडीच घ्यावी.

मंगरूळपीर हे पर्यटनाच्या नकाशावर ठळकपणे येणारे गाव नाही, म्हणून येथे बंडी शोधायची ती नात्यातून वा ओळखीतून. वऱ्हाडात कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी साडू शेती करीत असतोच. बैलांना पाणी पाजून, वैरण घालून, उन्हाच्या आधी जुंपणे आणि उन्हाच्या आधी सोडणे हा जुन्या शेतकऱ्यांचा रिवाज. तो आपणही पाळावा. बैलांच्या हिताची वेळ आणि म्हाताऱ्या माणसाच्या हिताची वेळ एकच आहे.

बंडीत बसण्याचे काही नियम ग्रामीण वाचकांना ठाऊक असतील. शहरात वाढलेल्या मुलासुनांसाठी ते येथे सांगतो. बैल जुंपलेले नसताना बंडीच्या मागच्या बाजूस कधीही चढू नये. मागे भार पडला की बंडी उलाळते आणि माणूस पाठीवर आपटतो. बैल जुंपून, गाडीवान कासरा धरून उभा राहिल्यावरच चढावे. चढण्यासाठी खुर्ची नव्हे, न डगमगणारा ठोकळा किंवा बुटके स्टूल ठेवावे. एकाने पुढून हात द्यावा आणि एकाने मागून कमरेला आधार द्यावा. हात दंडाला धरून ओढू नये, खांद्याला इजा होते. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून पायरी अंधुक दिसते. म्हणून चढताना-उतरताना मान खाली झुकवून वरच्या भिंगातून पाहावे.

तळाशी कडबा किंवा कुटाराची पोती पसरून वर गादी टाकावी, पाठीला लोड द्यावा, पाय पुढे पसरावेत. बाहेर लोंबकळू देऊ नयेत. अलीकडे हाड मोडलेले असेल, मणक्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा हाडांची झीज तीव्र असल्याचे निदान झालेले असेल, तर टायरची बंडीही नको. त्यांच्यासाठी पुढचे वाहन पाहावे.

आणि मग बंडी हलते. बैलाची चाल माणसाच्या चालीहून फारशी अधिक नसते. बंडीपुढे कोणी म्हातारा पायी चालला असेल तर तो नजरेआड होत नाही. उलट दोघांच्या गप्पा होतात. या वेगाने माणसे दिसतात. वेचणीला निघालेल्या बाया ओळख विचारतात, ‘कोणाचे पाहुणे?’ म्हणून. आपल्या सोबतच्या ज्येष्ठ व्यक्तीने तीस वर्षांपूर्वी मेलेल्या कोणाचे नाव सांगितले की समोरून उत्तर येते, ‘हो, त्याईचं वावर ते पलीकडं.’ घरात ज्यांना कोणी काही विचारीत नाही, त्यांना येथे वाटाड्याचे पद मिळते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींची सेवा करणाऱ्यांनी या वेगाचा अवश्य विचार करावा. या आजारात कालची गोष्ट आधी जाते, बालपणीच्या आठवणी पुष्कळदा मागे राहतात. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, शेणामातीचा वास, जू आणि शिवळा यांचा स्पर्श त्या आठवणींपर्यंत पोचू शकतो. त्यांनी सांगितलेले चूक असले तरी दुरुस्त करीत बसू नये. ‘बैलाचे नाव काय होते?’ एवढे विचारावे आणि ऐकावे. अशा व्यक्तींची घालमेल कित्येकदा दिवस कलताना वाढते. म्हणून परत येणे उन्हे असतानाच व्हावे. प्रवासात त्यांच्या खिशात नाव, घरच्यांचा दूरध्वनी आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असावी.

या परिसराला बैलाच्या चालीचा इतिहासही मोठा आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीला तेथे देशभरातून माणसे येतात. या समाजाच्या पूर्वजांनी रेल्वे आणि ट्रक येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामागून मुलूख पालथे घातले. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तेथे बंजारा वारशाचे संग्रहालय खुले झाले. बैलाच्या वेगाने देश जोडला जात होता, ही गोष्ट आजच्या नातवंडांना तेथे नेऊन सांगण्यासारखी आहे.

तिसरा वेग : जीप

सायकल जमत नाही, बंडीचा चढ जमत नाही, अशांसाठी जीप. आणि ज्यांना दूरचे पाहायचे आहे अशांसाठीही तीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलिस जीप युद्धानंतर जगभर गेली. कोलंबियाच्या डोंगरातील कॉफीच्या मळ्यांत तिने पोती आणि माणसे वाहिली. तिथले शेतकरी आजही पोत्यांनी आणि घरच्या सामानाने शिगोशिग लादलेल्या जुन्या जीपांची मिरवणूक काढतात. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने मुंबईत त्याच विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे वंशज आपल्या तालुक्यातालुक्यांत वडाप म्हणून धावू लागले. म्हणजे कॉफीचा मळा आणि पऱ्हाटीचे वावर यांना एकाच गाडीने सेवा दिली.

जीप सोयीची खरी, पण ज्येष्ठांच्या मणक्याला तिच्यापासूनच अधिक जपावे लागते, कारण ती वेगात खड्ड्यातून जाते. मागच्या चाकावरच्या आडव्या बाकावर वयस्क व्यक्तीला कधीही बसवू नये. गतिरोधकावरच्या एका जोरदार उसळीनेही ठिसूळ झालेला मणका दबू शकतो. त्यांची जागा चालकाशेजारी किंवा मधल्या ओळीत. पट्टा लावावा, कमरेमागे छोटी उशी द्यावी. चढताना आधी पाठमोरे होऊन बैठकीवर बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना याच्या उलट. दर तासाला थांबून पाच मिनिटे चालावे. ज्यांना उतरणे शक्य नाही त्यांनी बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत. फार वेळ पाय लोंबते व निश्चल राहिले तर पिंढरीच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

एक विषय संकोचामुळे कोणी बोलत नाही, म्हणून तो मोकळेपणाने मांडतो. वाटेत लघवीची सोय नसेल या धास्तीने आपल्या आई-आज्या प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. वयानुसार तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते, त्यात हे भर घालते. मग चक्कर येते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, आणि ‘बघा, म्हणून म्हणत होतो नेऊ नका’ असे ऐकावे लागते. यावर उपाय साधा आहे. थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात आणि त्या त्यांना आधी सांगाव्यात. शक्य असल्यास घडीची कमोड खुर्ची आणि आडोशाला एक जुने लुगडे जीपमध्ये ठेवावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. स्वतःहून बदलू नये. इन्सुलिन तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नये. मधुमेहींजवळ साखर वा ग्लुकोज हाताशी असावे, आणि संध्याकाळी त्यांची पावले उजेडात तपासावीत.

जीपने जायचे कुठे? कारंज्याला जावे. श्रीनृसिंहसरस्वतींचे ते जन्मस्थान. गुरुमंदिरात भक्तांची वर्दळ असते आणि तेथील जुन्या जैन मंदिरांतील लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या माळरानावर काळविटांचे कळप चरतात. अकोला जिल्ह्याच्या हद्दीत महान येथे काटेपूर्णेचे धरण आणि त्याभोवतीचे अभयारण्य आहे. अभयारण्यांच्या वेळा व नियम वनखात्याकडे विचारूनच निघावे. उल्कापाताने झालेले लोणारचे सरोवर अधिक दूर पडते, पण जीपला ते अवघड नाही. तेथे उतरण तीव्र असल्यामुळे ज्येष्ठांनी काठावरूनच पाहावे. आणि खरे तर त्या सरोवराची वाटोळी आकृती काठावरूनच उत्तम दिसते.

शेलूबाजारजवळून आता 701 किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जातो. दुरून येणाऱ्यांची त्याने मोठी सोय केली. रुग्णाला मोठ्या शहरात नेणेही त्यामुळे लवकर घडते. पण त्या वेगात शिवार म्हणजे काचेबाहेरचा हिरवा-पिवळा पट्टा होऊन जातो. शिवार पाहायचे असेल तर महामार्ग सोडून खाली उतरावे आणि चालकाला ताशी तीसच्या वर जाऊ देऊ नये.

जीपचा खरा लाभ हा की ती मुलुखाचा आकार दाखवते. वाशीम जिल्ह्याच्या या पठारावर पडणारे पाणी दोन समुद्रांना जाते. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला, पुढे तापीला आणि अरबी समुद्राला मिळते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेच्या वाटेने वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीपर्यंत जातात आणि बंगालच्या उपसागराला पोचतात. आयुष्यभर ज्या मातीत वखर चालवला, तिचा उतार कोणत्या समुद्राकडे आहे, हे पाहण्याची संधी शेतकऱ्याला कामाच्या दिवसांत मिळत नाही. ती निवृत्तीची मिळकत आहे.

एकाच दिवसात तिन्ही

घरात तीन पिढ्या असतील तर तिन्ही वाहने एकत्र आणावीत. नातवंडे सायकलीवर पुढे, आजी-आजोबा बंडीत, आणि मागून सावकाश येणाऱ्या जीपमध्ये पाणी, औषधे, घडीची खुर्ची व प्रथमोपचाराचे साहित्य. कोणी थकले तर त्याने सायकलीवरून बंडीत, बंडीतून जीपमध्ये यावे. सहल मोडत नाही. सकाळी अकराच्या आत सावलीत पोचावे, भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी असे बेताचे जेवावे, दुपारी निजावे आणि उन्हे कलताच घरी परतावे.

सेवा करणाऱ्यांनाही येथे एक विनंती आहे. वर्षानुवर्षे खाटेच्या उशाशी बसून आपलीही पाठ वाकली असेल. बंडीत वडिलांजवळ तासभर दुसऱ्या कोणाला बसू द्या आणि आपण सायकल घेऊन पांदणीने एकटे जाऊन या. तो तास आपला हक्काचा आहे.

आणि ज्यांना तिन्हींपैकी एकही वाहन झेपणार नाही, अशांचे काय? त्यांच्यासाठी वावराच्या धुऱ्यावर, निंबाच्या सावलीत, हात असलेली एक भक्कम खुर्ची मांडावी. घरापासून तिथवर न्यायला दहा मिनिटे लागतील, आणायला दहा. बूट पायभर झाकणारे घालावेत, अंगावर शाल द्यावी, जवळ कोणीतरी बसावे. त्यांना काय पाहायचे ते त्यांना ठाऊक असते. आपण बोट दाखवीत बसू नये.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, हवामान पाहावे, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाची वाट माहीत करून घ्यावी. पण या सर्वांच्या आधी ज्यांना न्यायचे त्यांनाच विचारावे, कुठे जायचे म्हणून. बहुतेक घरांत हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. उत्तर कदाचित कोणत्याही मार्गदर्शिकेत नसलेल्या जागेचे असेल: एखादी बुजलेली विहीर, विकून टाकलेले वावर, माहेरच्या वाटेवरचे चिंचेचे झाड. तेथे पाहण्यासारखे काही नाही असे म्हणू नये. वाहन कोणते न्यायचे, एवढेच आपण ठरवावे.